बिनपडद्याचं घर

काचवाल्या काकूंना घर विकायचं होतं, आणि काचवाल्या काकांनाही ते विकायचं आहे असं काका म्हणत होते. या दोन गोष्टींत किती फरक असतो, ते घर विकायला काढल्याशिवाय कळत नाही.

काचवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गावाने दिलेलं नाव. तळ्याकाठचं हे गाव जुनं, म्हणजे भलतंच जुनं. दगडी भिंती, उतरती कौलं, लाकडी बाल्कन्या, आणि प्रत्येक दारावर ते कोणत्या शतकातलं आहे हे सांगणारी पितळी पाटी. त्यात हे एकच घर काचेचं. काका आर्किटेक्ट. तरुणपणी डोक्यात राख घालून त्यांनी नगरपालिकेशी भांडण केलं, परवानगी मिळवली आणि बरोब्बर पाण्याच्या काठावर, सगळ्या गावाच्या नाकासमोर, सपाट छपराचं काँक्रीटचं घर बांधलं. तळ्याकडची अख्खी बाजू जमिनीपासून छतापर्यंत काच. आणि त्या काचेला पडदा नाही. एकही नाही. नावाला एखादी चिंधीसुद्धा नाही.

तीस-पस्तीस वर्षं काकू त्या काचेमागे राहत होत्या. राहत होत्या म्हणजे काय, दिसत होत्या! बटाटे सोलताना दिसत होत्या, लेकीला दामटून अभ्यासाला बसवताना दिसत होत्या, तापाने फणफणून सोफ्यावर पडल्या तरी दिसत होत्या. पुढच्या रस्त्यावरून फिरायला जाणारं माणूस मान वळवल्याशिवाय जात नसे. कपडे बदलायला काकू कोठीच्या खोलीत जात, तिथे पिठाच्या डब्यावर पाय ठेवून मोजे चढवत. अख्ख्या घरात बाहेरून न दिसणारी एकच जागा होती, फ्रिज आणि भिंतीच्या मधली. सकाळचा पहिला चहा त्या तिथे उभ्यानेच प्यायच्या. काका म्हणायचे, अगं, इतकं छान तळं समोर, आणि तू फ्रिजशी काय गप्पा मारतेस? काकू म्हणायच्या, तो ऐकून तरी घेतो.

त्यातून पर्यटकांची लाँच. दिवसभर तिच्या फेऱ्या चालत. घरासमोर आली की इंजिन मंद व्हायचं आणि गाईडचा कर्णा सुरू व्हायचा. 'उजव्या हाताला आपल्या गावातलं पहिलं आधुनिक घर. नीट पाहा मंडळी, या घराला पडदे नाहीत! कारण घराच्या मालकीणबाईंना पडद्याने गुदमरतं.' मग लाँचवरचे सगळे हात हलवायचे. काकूही हात हलवायच्या. करतात काय? दार लावून घ्यावं तर दारसुद्धा काचेचंच.

आता हे गुदमरण्याचं प्रकरण काय, ते आधी सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

घर नवंकोरं होतं तेव्हा सासूबाई पाहायला आल्या. सासूबाई म्हणजे तोंडाने फटकळ बाई. त्यांनी घरभर एक फेरी मारली, काचेसमोर उभ्या राहिल्या आणि जमलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर मुलाला म्हणाल्या, 'शिकून शिकून हेच शिकलास होय? बायकोला उघड्यावर बसवलंस. दुकानात मांडतात तशी मांडलीस.' काकांचा चेहरा एवढासा झाला. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं घर, रात्रंदिवस राबून उभं केलेलं, आणि आईने सगळ्यांदेखत असा पाणउतारा केला. काकूंना राहवलं नाही. नवी नवरी ती, पण पुढे झाल्या आणि ठणकावून म्हणाल्या, 'मलाच आवडतं असं. मला पडदे असले ना, की गुदमरतं.'

काकांनी बायकोकडे असं पाहिलं, की काकूंना वाटलं जिंकलं आपण सगळं.

जिंकलं खरं, पण ते वाक्य काकांनी उचललं ते उचललंच. येईल त्याला सांगायचे. 'आमच्या हिला पडदा म्हणजे अगदी गुदमरतं हो.' एका मासिकात घराचे फोटो छापून आले, त्यात खाली हेच. बक्षीस मिळालं, भाषणात हेच. काकूंनी बोलायचं किती वेळा मनात आणलं! पहिल्या वर्षी वाटलं, आता लगेच कसं बोलायचं, खोटं ठरू. मग वाटलं, बक्षिसाचा समारंभ होऊन जाऊ दे. मग लेक झाली, मग सासूबाईंचं आजारपण आलं, आणि नंतर नंतर तर काका ते वाक्य इतक्या कौतुकाने बोलायचे, की त्यांच्या तोंडून ते काढून घेणं म्हणजे लहान मुलाच्या हातातला खाऊ काढून घेण्यासारखं झालं असतं. काकूंनी गिळलं. बाहेर गावात बाकी जीभ तलवारीसारखी चालायची त्यांची, कामाला जात त्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकांना चारचौघांत झापायच्या, पण या एका बाबतीत तोंडाला कुलूप.

अशात काकांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. घरात तीन ठिकाणी पायऱ्या, खाली-वर, खाली-वर. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या बंद. लेक फोनवरून म्हणाली, बाबा, आता सपाट फ्लॅट बघा. काका मोठा उसासा टाकून हो म्हणाले. काकूंनीही उसासा टाकला, तोंडदेखला. आत त्यांच्या मनात नुसता धुमाकूळ चालला होता. सुटले गं बाई, सुटले!

फ्लॅट त्यांनी दुसऱ्याच दिवशी शोधला. बेकरीमागच्या गल्लीत, तळमजल्यावर, दोन खोल्या. खिडकीतून समोर शेजारच्या इमारतीची भिंत. एजंटबाई ओशाळून म्हणाल्या, 'काकू, इथून दिसत काही नाही बघा.' काकू त्या भिंतीकडे डोळे भरून पाहत राहिल्या. म्हणाल्या, 'आणि तिकडूनही काही दिसत नाही ना? मग झालं तर.' त्या खिडकीला लावायचे पडदेसुद्धा त्यांनी मनातल्या मनात शिवून टाकले. पण घर विकलं तरच फ्लॅट. फ्लॅटवाल्याने रविवारपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं, पुढे दुसरं गिऱ्हाईक तयार होतं.

आणि इथे काका घर विकू देत नव्हते.

नाही कसे म्हणतील? नाही असं म्हणायचे नाहीत. येईल त्याला प्रेमाने घर दाखवायचे, काँक्रीटवरून हात फिरवायचे, आणि शेवटी हळूच विचारायचे, 'पडदे लावणार का?' एक डॉक्टर जोडपं म्हणालं, हो, लावावेच लागतील ना. काकांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. एकजण म्हणाला, पडदे नाही, पण खालून अर्ध्यापर्यंत धुरकट काच बसवीन. त्याला चहासुद्धा नाही मिळाला. तिसरी एक श्रीमंत बाई हॉटेल काढणार होती. तिच्याशी तर काका असे बोलले, की काकूंना रस्त्यापर्यंत तिच्या मागे धावत जाऊन माफी मागावी लागली. एजंटबाईंच्या नाकी नऊ आले. शेवटी त्या म्हणाल्या, 'काका, घर विकायचंय का मुलगी द्यायचीय? एकदाचं ठरवा. हे शेवटचं गिऱ्हाईक आणते. हेही परत गेलं तर मी दारावरची विक्रीची पाटी काढून नेते.'

ते शेवटचं गिऱ्हाईक शनिवारी येणार होतं.

शनिवारी सकाळपासून काकूंचा पाय घरात ठरेना. काच आतून पुसली, बाहेरून पुसली, परत आतून पुसली. फुलदाणी टेबलावर ठेवली, उचलली, खिडकीशी ठेवली, तिथूनही उचलली. चहा टाकला आणि विसरल्या, भांडं काळं झालं. काका वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, 'अगं बस की जरा. भिंगरी लागलीय का पायाला?' काकू म्हणाल्या, 'तुम्ही बसा. तुम्ही बसलात तरच काही होईल. आज कुणाला काही विचारू नका, तुमच्या पाया पडते.' काका नुसते हसले.

मंडळी आली. नवरा चित्रकलेचा शिक्षक, बायको सरकारी दवाखान्यात नर्स. शिक्षक दारातूनच वेडा झाला. शाळेत असताना समोरच्या बांधावर बसून त्याने याच घराची चित्रं काढली होती म्हणे. तो आत आला तो चप्पल काढून, देवळात यावं तसा. 'सर, हा बीम! सर, हा प्रकाश!' काका फुलून आले. एजंटबाईंनी काकूंना डोळ्याने खूण केली, जमतंय. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आतच शिक्षक म्हणाला, 'आणि पडद्यांचं नावसुद्धा काढणार नाही सर, शब्द देतो.' काकांनी त्याचा हात हातात घेतला. काकूंना वाटलं, झालं. मिळाला फ्लॅट. भिंत मिळाली.

नर्स काही बोलली नव्हती. डोळे तांबारलेले, खांदे पडलेले. रात्रपाळी करून तशीच आली होती बिचारी. पुरुष मंडळी जिन्याच्या कौतुकात रमली, एजंटबाई फोनवर बोलायला बाहेर गेल्या, तशी ती काकूंच्या मागे स्वयंपाकघरात आली आणि हळू आवाजात म्हणाली, 'काकू, एक विचारू? खरं सांगाल?'

'विचार ना.'

'मी रात्री कामाला असते. दिवसा झोपते. यांचं स्वप्न आहे हे घर, मला मोडवत नाही. लग्नाआधीपासून ऐकतेय मी याच्याबद्दल. पण इथे... राहता येतं का हो? तुम्हाला आवडतं ना, असं सगळं उघडं? सगळे सांगतात, तुम्हाला पडद्याने गुदमरतं.'

आता तुम्हीच सांगा, काकूंनी काय करावं? एक शब्द पुरेसा होता. 'हो.' झुरळ झटकावं तसं झटकून मोकळं व्हायचं. तो शब्द तर त्यांना तोंडपाठ होता, इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या. उद्या रविवार. फ्लॅटवाला थांबणार नाही, एजंटबाई पाटी काढून नेणार, आणि पुन्हा आहेतच ती काच आणि तो फ्रिजचा कोपरा, मरेपर्यंत. शिवाय ही पोर कोण आपली? हिला आपण काय लागतो?

'सवय होते गं,' काकू म्हणाल्या. 'छान वाटतं. प्रकाश असतो...'

तेवढ्यात लाँच आली. इंजिन मंद झालं, कर्णा वाजला, सगळ्या हातांची एकच गर्दी झाली. आणि बोलता बोलताच, तिकडे न बघता, काकूंचा हात वर गेला आणि हलला. नर्स त्या हाताकडे पाहत राहिली. काकूंनीही पाहिला. आपलाच हात, पण आपल्याला न विचारता वर गेलेला.

'नाही,' काकू म्हणाल्या. 'नाही गं पोरी. मी खोटं बोलतेय. नाही राहता येत. मला एक दिवससुद्धा आवडलं नाही इथे. मी या घरात कधी धड रडले नाही, कधी नवऱ्याशी मनासारखी भांडले नाही, कधी केस मोकळे टाकून लोळत पडले नाही. मला पडदे हवे होते. पहिल्या दिवसापासून हवे होते.'

बोलून टाकलं आणि त्यांनी मान वर केली, तर दारात काका उभे. मागे तो शिक्षक. काकांच्या हातातली काठी भिंतीला टेकलेली, आणि चेहरा असा, की ऑपरेशनच्या दिवशीही तसा नव्हता.

'पडदे हवे होते?' काका म्हणाले. 'तुला?'

'हो, मला.'

'अगं, पण तूच... आईसमोर तूच म्हणाली होतीस...'

'तुमच्या आईसमोर तुमची बाजू घेतली हो मी!' काकूंचा आवाज चढला, आता चढला तर चढला. 'सगळ्यांदेखत तुमचा अपमान केला त्यांनी. मला बघवलं नाही. जे तोंडात आलं ते बोलले. मला काय माहीत, तुम्ही तेच जन्मभर धरून बसाल आणि लाँचवाल्यापर्यंत पोचवाल!'

नर्सने नवऱ्याचा हात धरला आणि दाराकडे निघाली, पण काका म्हणाले, 'थांबा.' आणि काठी टेकत टेकत बैठकीत गेले. काचेसमोर उभे राहिले, वर पाहिलं आणि शिक्षकाला म्हणाले, 'खुर्ची घ्या जरा. वर चढा. छताला ती लाकडी पट्टी दिसते ना काचेच्या कडेने? टोकाला बोटं घाला आणि ओढा. जोरात ओढा, खिळ्यांनी ठोकलीय.'

पट्टी करकरत सुटली. धूळ पडली, वाळलेले कीटक पडले. छतात एक सरळ, नेटकी खाच होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत. खाचेत अॅल्युमिनियमचं चॅनल, आणि चॅनलमध्ये पडद्याची पांढरी चाकं, ओळीने, जशी बसवली तशी. शिक्षकाने बोट लावलं तर एक चाक सुळकन पुढे सरकलं.

मागोमाग आलेल्या काकू सोफ्यावर बसल्या.

'नकाशातच होती,' काका म्हणाले. 'काँक्रीट ओतायच्या आधीच जागा ठेवली होती मी. म्हटलं, समोर रस्ता आहे, तळं आहे, हिला अवघड होईल. कापड निवडायला तुला घेऊन जाणारच होतो. त्याच आठवड्यात आई आली. आणि तू म्हणालीस, गुदमरतं. मला वाटलं, बरं झालं, आधीच कळलं. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून पट्टी ठोकून घेतली.'

'मला बोलायचं नाही एका शब्दाने?'

'काय बोलू? तू इतक्या अभिमानाने म्हणाली होतीस. कुणी माझी बाजू अशी घेतली नव्हती गं कधी. सुरुवातीला मलाही चोरट्यासारखं व्हायचं, कुणीतरी बघतंय म्हणून. मी म्हटलं, ही एवढी धीट, आपण काय कुरकुर करायची? मग सवय झाली.'

नर्सने तोंडावर हात धरला होता. शिक्षक खुर्चीवर तसाच उभा, हातात पट्टी, उतरावं की नाही ते त्याला कळेना. एजंटबाई फोन संपवून आत आल्या, सगळ्यांची तोंडं पाहिली आणि आल्या पावली परत गेल्या.

काका सोफ्यावर काकूंच्या शेजारी बसले, गुडघ्यांमुळे हळूहळू. पाहुण्यांची पर्वा न करता त्यांनी बायकोचा हात घेतला. 'मग आता लावूया,' ते म्हणाले. 'आजच आणू कापड. तुला हवं ते. गुडघ्यांचं बघू, खालीच झोपेन मी. नाही विकत घर. राहूया.'

काकूंनी वर पाहिलं, त्या पांढऱ्या चाकांकडे. नवरा मनापासून म्हणतोय हे त्यांना कळत होतं, आणि तेच सोसत नव्हतं. याच माणसासाठी त्या काचेत बसल्या होत्या, आणि हाच माणूस त्यांच्यासाठी काचेत बसला होता.

'नको हो,' त्या म्हणाल्या. 'आता नको. रोज संध्याकाळी पडदा ओढायला हात वर करीन आणि रोज मनात येईल, हा इथेच होता. डोक्यावर होता. तुमचा राग येईल मला, आणि त्याहून जास्त माझा. ते घेऊन नाही राहता येणार मला या घरात. विकून टाका.' मग त्या नर्सकडे वळल्या. 'तू घे गं हे घर. चांगलं आहे, यांनी जीव ओतून बांधलंय. पण पडदा आल्या दिवशी लाव. जाड कापडाचा लाव. आणि तुला काय हवं नको ते याच्या तोंडावर सांगत जा, प्रेमाबिमाने गप्प बसू नकोस.'

नर्सने नवऱ्याकडे पाहिलं. तो खुर्चीवरून उतरला, पट्टी भिंतीशी उभी केली आणि म्हणाला, 'तुला हवे तसे लावू.'

काकांनी मान हलवली. एजंटबाईंना हाक मारून म्हणाले, 'या आत. कागद काढा.' एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले, पुसतच राहिले.

आणि काकू रडल्या. जे हवं होतं ते मिळालं होतं, उद्या फ्लॅटवाल्याला होकार कळवायचा होता, आणि त्या ढसाढसा रडल्या, भर दुपारी, काचेसमोर, रस्त्यावरचं कुणी थांबून बघतंय की नाही ते न बघता.